पुढे ढकललेली बावीस मिनिटं

संपादकबाईंचा निरोप साधा होता. "सर, दिवाळी अंकासाठी एक यादी द्या. मुलांबरोबर बसून बघावेत असे खेळांवरचे दहा सिनेमे, प्रत्येकाखाली दोन ओळी. इतकी वर्षं शाळेत दाखवताय, तुम्हाला काय अवघड?"

अवघड काहीच नव्हतं. यादी मी तीनदा केली. तिन्ही वेळा एका सिनेमापाशी पेन अडलं. तो यादीत घ्यावा तर त्याच्याखाली दोन ओळी पुरणार नाहीत. आणि गाळावा, तर त्यातलं एकदा गाळलेलंच मी सतरा वर्षं उराशी धरून बसलोय. म्हणून यादीच्या जागी हे लिहितो आहे. बाईंना पटलं तर छापतील.

मी खेळाचा शिक्षक. पोरांच्या भाषेत पीटीचे सर. चौक गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमची शाळा. पावसाळ्याचे चार महिने आमचं मैदान म्हणजे भाताचं खाचर. तिथे बेडूक सोडून कोणी सराव करत नाही. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की उरलेल्या पोरांना घेऊन करायचं काय? शाळेत एक जाडजूड टीव्ही होता, डीव्हीडीचा डबा होता. खिडक्यांना गोणपाट लावले, अंधार केला, आणि सुरू झाला शनिवारचा पिक्चर. पुढे टीव्ही जाऊन प्रोजेक्टर आला. गोणपाट तेच आहेत.

लोकांना वाटतं, खेळाचा सिनेमा निवडणं म्हणजे काय मोठं, शेवटी जिंकतात तो लावायचा. मलाही तसंच वाटायचं. इथे पहिल्यांदा लावला तो क्रिकेटचा. मुली अर्ध्या तासात एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. मग मुष्टियुद्धाचा लावला. तो सगळ्यांना आवडला. इतका आवडला की सोमवारी मधल्या सुट्टीत तीन नाकं फुटली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "यातून बोध काय घ्यायचा होता, सर?" मी म्हणालो, "बचाव उंच ठेवायचा." त्यानंतर दोन महिने मला चहाला कोणी हाक मारली नाही.

त्याआधी नोकरीची पहिली काही वर्षं मी कर्जतच्या पलीकडे, कोंडाणे लेण्यांच्या बाजूला होतो. तिथे मी एक धावपटूचा सिनेमा दाखवला होता. नायक गरीब, डोंगर चढून-उतरून शाळेला जातो, पाय रक्ताळतात, संगीत वाजतं. माझे डोळे भरून आले. मागे बघतो तर डोंगरावरच्या वाडीतल्या मुली तोंडाला हात लावून हसतायत.

"काय गं, हसता काय?"

"सर, यो रडतो का? आमी तं रोज येतो."

त्या दिवशी मला कळायला हवं होतं की मुलं सिनेमा गोष्ट म्हणून बघत नाहीत. ती त्याच्याशी स्वतःला मापून बघतात. मला कळलं नाही. मी तो किस्सा शिक्षकांच्या खोलीत हशा मिळवायला वापरला.

आता रेश्माचं सांगतो. इतकी वर्षं टाळलं, आणखी दोन परिच्छेद टाळता आलं असतं. पण नको.

रेश्मा नववीत होती. शाळेजवळच्याच गावातली, भातशेतीवाल्या घरातली. वडील बाळाराम. मी त्यांना बाळारामभाऊ म्हणतो. कबड्डीत चढाईला गेली की ती समोरच्यांना इतकी शांतपणे बघायची की तेच आधी हलायचे. तिच्या जिवावर आम्ही पहिल्यांदा तालुक्याचा विचार करत होतो. तालुक्याच्या स्पर्धा खोपोलीत, सोमवारी. आधीच्या गुरुवारी सरावात तिचा गुडघा मुरगळला. मी क्रेपची पट्टी बांधली, बर्फ लावायला सांगितलं.

शनिवारी संघाला उभारी यावी म्हणून मी एक सिनेमा निवडला. परदेशी होता, हिंदीत डब केलेला. थंड मुलखातल्या कोळ्यांच्या गावातली एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी. ऐन सामन्यात तिचा गुडघा जातो. शेवटी ती परत कोर्टवर उतरते. नाव सांगत नाही. सिनेमा उत्तम आहे, दोष त्याचा नाही.

अडचण एकच होती. सिनेमा पावणेदोन तासांचा आणि माझ्याकडे दीड तास. शाळा साडेअकराला सुटायची आणि गावांकडे जाणारी टमटम एकला. ती चुकली की मुलींना चालत जावं लागे. म्हणून मी नेहमीच सिनेमा आधी घरी बघून कुठे काय पुढे ढकलायचं, म्हणजे फॉरवर्ड करायचं, ते वहीत लिहून ठेवायचो. गाणी ढकलायची, प्रेमाचं ढकलायचं, रटाळ ढकलायचं. त्यात मी तरबेज होतो. रिमोटवर माझा अंगठा असा चालायचा की पोरांना सांधा कळायचा नाही.

या सिनेमात पडण्यापासून उतरण्यापर्यंत बावीस मिनिटं होती. त्यात ती मुलगी झोपून असते. मग कुबड्या. मग जिना. मग बाहेर बाकावर बसून ती आपल्या संघाला हरताना बघते. एक अख्खा हंगाम जातो. मी वहीत लिहिलं, 'रटाळ. पुढे.'

म्हणजे आमच्या मुलींनी काय बघितलं? ती पडली. गुडघ्याला पट्टी बांधली. आणि लगेच ती कोर्टवर उभी, लोक टाळ्या वाजवतायत. आमच्याही मुलींनी टाळ्या वाजवल्या. रेश्माने स्वतःच्या गुडघ्यावरच्या पट्टीला हात लावलेला मी पाहिला, आणि मला बरं वाटलं. सिनेमा बरोबर निवडला, असं वाटलं.

सोमवारी सकाळी खोपोलीच्या मैदानावर, बाकीच्या मुली नावनोंदणीला गेल्या असताना, ती माझ्याजवळ आली.

"सर, गुडगा लचकतोय. आत सरकल्यागत होतंय. उतरू का नको?"

मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "शनिवारी काय बघितलंस? ती उतरली ना?"

"व्हय सर," म्हणाली आणि बूट बांधायला वाकली.

उपान्त्य सामन्यात तिसऱ्या चढाईला ती वळली आणि पडली. ओरडली नाही. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्यांनाही आवाज ऐकू आला होता, सुकी काटकी मोडावी तसा. तो सामना आम्ही हरलो, हे मला दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गुडघा आधीच दुखावलेला होता, त्यावर ही खेळली कशी? बाळारामभाऊ शेतातून तसेच आले होते, पायाला चिखल. त्यांनी मला विचारलं, "सर, हिनं तुमाला सांगितलं व्हतं का?"

रेश्मा खाटेवर होती. जागी होती.

"नाही," मी म्हणालो. "मला काही बोलली नाही."

बाळारामभाऊ तिच्याकडे वळले. "तोंड नव्हतं का गं तुला? येवढी कसली मस्ती?"

ती वर पंख्याकडे बघत होती. म्हणाली, "चुकलं, बाबा."

एवढंच. माझी नोकरी शाबूत राहिली. तिचं ऑपरेशन पावसाआधी करू, पावसानंतर करू, असं होत राहून गेलं. कबड्डी संपली. लावणीला वाकता येईना. दहावी करून ती घरी बसली, पुढे गावातच लग्न झालं. आणि जत्रेत, लग्नात, चौकच्या नाक्यावर कुठेही बाळारामभाऊ भेटले की माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "पोरगी हट्टी, सर. तुमचा काय बी दोष नाय." मी मान हलवायचो. मुकाट्याने ऐकून घेण्यालाही लोक नम्रता समजतात.

वर्षभर मी पिक्चर बंद ठेवला. कारण विचारलं की टीव्ही बिघडलाय म्हणायचो. मग मुलींनीच एक दिवस टीव्ही लावून दाखवला, चालतोय म्हणून. पुन्हा सुरू केला तेव्हा मी वही जाळली आणि रिमोट कपाटात ठेवला. तेव्हापासून मी काहीही पुढे ढकलत नाही. वेळ पुरत नसेल तर सिनेमा मध्येच थांबवतो, तोही बरोबर हरण्याच्या जागी, आणि उरलेला पुढच्या शनिवारी. आठवडाभर पोरांनी ते हरणं दप्तरात घेऊन फिरायचं. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या. "सर, असं नका ना करू!" आता त्यांना चटक लागलीय. बुधवारपर्यंत वर्गात चार-पाच शेवट तयार झालेले असतात, आणि पुष्कळदा ते सिनेमातल्यापेक्षा बरे असतात.

निवडताना मी आता खेळाडूकडे कमी बघतो. बाकावर बसलेल्यांकडे दिग्दर्शकाने किती वेळा कॅमेरा फिरवलाय ते बघतो. प्रशिक्षक ओरडतो तेव्हा सिनेमा त्याच्या बाजूने आहे का, हे बघतो. जखम झाल्यावर घड्याळ बघतो. पाच मिनिटांत बरी झाली तर तो सिनेमा माझ्याकडे लागत नाही, मग त्याला किती का बक्षिसं असेनात. हे शहाणपण आहे खरं. पण ते कुठून आलं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. इतर शाळांतले शिक्षक विचारायला येतात, मी पद्धत सांगतो, ते लिहून घेतात. कौतुकही होतं. ते कौतुक मी घेतलेलं आहे.

यंदा जूनमध्ये रेश्मा शाळेत आली. जिना उतरताना अजून कठड्याला धरते. बरोबर मुलगी, स्वरा, पाचवीत घालायला.

"सर, हिला कबड्डीत घ्या हां. आन् शनिवारचा पिक्चर असतो का अजून?"

"असतो."

"मग झालं."

जुलैतली गोष्ट. वर्गातले बाक बाजूला सारून मी मुलींकडून उठाबशा काढून घेत होतो. स्वरा रांगेतून बाहेर आली, सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, माझा पाय दुखतोय. घोट्याजवळ. सांगून ठेवते."

"बस मग. शाबास, सांगितलंस ते बरं केलंस."

"सांगायचंच असतं," ती म्हणाली. "आमच्या आईनं सांगितलं नव्हतं ना, म्हणून तिचा गुडघा गेला. आजोबा रोज सांगतात. आईसारखी गप राहू नको म्हणतात."

माझं खोटं त्या घरात संस्कार होऊन बसलं होतं. आजोबा नातीला ते शिकवत होते, पोरगी ते नीट पाळत होती, आणि आई रोज शेजारी बसून ऐकत होती.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. लावणी नुकतीच उरकली होती. बाळारामभाऊ पडवीत बसून पोटऱ्यांना तेल चोळत होते. रेश्मा आत भाकऱ्या थापत होती. तिचं सासर चार घरं सोडून, पण रविवार इथेच.

"या सर, या! रेश्मा, सर आलं गं. च्या टाक."

"चहा नंतर, बाळारामभाऊ. आधी एक सांगायचंय."

"का, नातीनं काय केलं?"

"तिने नाही. मी."

थप थप आवाज आत थांबला. मी रस्त्याने चांगली वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"रेश्माने मला सांगितलं होतं. खोपोलीला, त्या सकाळी. गुडघा लचकतोय, उतरू का नको, असं विचारलं होतं. मी उतरवली. आणि दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

बाळारामभाऊंनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं. बराच वेळ ते बूच दाबत राहिले.

"सतरा वर्सं," ते म्हणाले. "सतरा वर्सं मी हिला बोलतोय, सर. चार मान्सांत बोलतोय. हिच्या पोरीसमोर बोलतोय."



रेश्मा दारात आली होती, हाताला पीठ. ते तिच्याकडे वळले. "आन् तू का नाय बोललीस गं?"

"बोलले असते तं तुमी काय केलं असतंत, बाबा? शाळेत जाऊन सरांची गचांडी धरली असतीत. आन् दुसऱ्या दिवशी पाठच्या वैशूचा खेळ बंद. ती तवा सहावीत व्हती, नुकती खेळाय लागली व्हती."

वैशू तिची धाकटी बहीण. पुढे जिल्ह्यापर्यंत खेळली, आता पोलिसात आहे. तिच्या निवडीच्या वेळी शाळेने माझा सत्कार केला होता. नारळ आणि शाल.

"आन् दुसरं म्हंजे," रेश्मा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं तसंच असतं. पिक्चरमधी ती पडली, पट्टी बांधली, उटली. माजा गुडगा काय बरा होईना. मी म्हटलं, आपल्यातच काय तरी कमी हाय. ती जिद्दीची, आपुन नाय."

हे मला माहीत नव्हतं. गुडघ्याचा दोष मी मनातल्या मनात माझ्याकडे ठेवला होता, पण हा दुसरा, मोठा, तिच्याकडे राहिला होता, याची मला इतक्या वर्षांत कल्पना आली नव्हती.

"रेश्मा, ती लगेच नाही उठली. मध्ये बावीस मिनिटं आहेत. एक वर्ष जातं त्यात. ती झोपून असते, रडते, जिना उतरायला शिकते. मी ते पुढे ढकललं होतं."

"का?"

"टमटम चुकू नये म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. चढाईत बघायची तशी. मीच आधी खाली बघितलं.

बाळारामभाऊ उठले. मला वाटलं, आता बाहेर काढतात, आणि काढायलाच हवं होतं. ते म्हणाले, "त्यो तुकडा हाय का तुमच्याकडं अजून?"

"आहे."

"मग दावा. मला बगायचाय."

पुढच्या शनिवारी ते आले. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, लग्नाला निघाल्यासारखे. नात एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, मध्ये ते, शेवटच्या बाकावर. मी सिनेमा पहिल्यापासून लावला. ती मुलगी पडली तेव्हा माझा अंगठा सवयीने हलला. हातात रिमोट नव्हता.

बावीस मिनिटं तशी मोठी असतात. पडद्यावर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली, कठडा धरला, दुखरा पाय खाली ठेवला, मग दुसरा त्याच्या शेजारी. एका पायरीला दोन पावलं. मागून रेश्माचा आवाज आला, कोणाला उद्देशून नव्हता तो.

"मी अजून अशीच उतरते."

स्वरा म्हणाली, "आई, तू तर हिच्यापेक्षा फास्ट उतरतेस."

संघ हरला, मुलगी बाकावर बसून होती, तिथे मी थांबवलं. एका खिडकीवरचा गोणपाट काढला.

"झालं?" बाळारामभाऊंनी विचारलं.

"तेवढं झालं."

"हे कापलं व्हतं तुमी."

"हो."

"टमटमसाठी."

"एकला सुटायची ती."

"सर," ते म्हणाले, "त्यो टमटमवाला भरल्याबिगर कवा हालायचा? आन् भरायची कुनी? पोरांनीच ना? पोरांचीच वाट बगत हुबा असायचा त्यो. दोन वाजले असते तरी थांबला असता."

पोरं खो खो हसली. त्यांना टमटमवाला विनोदी वाटला. रेश्माही हसली, आधी तोंडावर हात दाबून आणि मग तसं न दाबता. मी खुर्चीत बसलो. इतकी वर्षं त्या रस्त्यावर काढली, आणि हे एक माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पुढचं लावा की," बाळारामभाऊ म्हणाले. "उतरती का न्हाय ती परत?"

"आजोबा, पुढचं पुढच्या शनिवारी असतं," स्वराने समजावलं. "नियम हाय."

"म्हंजे मला परत यावं लागंल?"

"यावं लागेल," मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "येतो," म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले की नातीकडे, ते मला नीट कळलं नाही.

ते आले. त्यानंतरच्या शनिवारीही आले, आणि आता येतातच. नाक्यावर भेटले की माझा हात हातात घेत नाहीत, पहिल्यासारखं बोलत नाहीत. ते बरोबरच आहे. पण घरातली गोष्ट त्यांनी बदललीय. स्वरानेच सांगितलं. आता ते म्हणतात, "आईनं सांगितलं व्हतं, गं. आईसारखं सांगायचं. आन् समोरच्यानं ऐकलं नाय तर दुसऱ्याला सांगायचं. मला सांगायचं."

रेश्मा गेल्या महिन्यात खोपोलीच्या डॉक्टरांना गुडघा दाखवून आली. उशीर झालाय, पण व्यायामाने बराच फरक पडेल म्हणालेत. शनिवारी पिक्चर झाला की ती मागच्या मोकळ्या वर्गात भिंतीला पाठ लावून ते व्यायाम करते. मी मोजतो. चुकलो तर ती ओरडते.

बाईंनी मागितलेल्या यादीचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. सध्या निवड माझ्या एकट्याच्या हातात राहिलेलीही नाही. दर शनिवारी बाळारामभाऊ दारात चप्पल काढतात, टोपी सारखी करतात, आणि आत पाऊल टाकण्याआधी एकच विचारतात.

"कापलं नाय ना काय?"

"नाही," मी म्हणतो.

मग ते आत येऊन बसतात.